आ करा : हट्ट्याच्या दवाखान्यातला एक दिवस

सकाळी ६.००

दवाखान्यात जाण्याआधीचं पहिलं काम म्हणजे काढा. त्रिफळ्याची भरड रात्रीच भिजत घातलेली असते. दोन चमचे भरडीला चार कप पाणी, मंद आच, एक कप उरला की उतरवायचा, गाळायचा, बाटल्यांत भरायचा. हा काढा पिण्यासाठी नसतो, तोंडात धरण्यासाठी असतो. त्याच्या शेजारी ज्येष्ठमध घालून सिद्ध केलेल्या तुपाच्या छोट्या डब्या भरते. मार्च संपत आला की या दोन्ही गोष्टींना मागणी वाढते. आमच्या वसमत तालुक्यात तेव्हा हळद काढायची, शिजवायची आणि वाळवायची घाई असते. माणसं उन्हात राबतात, पाणी कमी पितात, ठेचा-भाकरीवर दिवस काढतात आणि रात्री हळद शिजवायच्या कुकरच्या जाळाजवळ जागतात. मग दवाखान्यात येऊन एकच वाक्य सांगतात : "म्याडम, तोंड आलंय. उष्णता झाली."

उष्णता हे कारण कधी खरं असतं, कधी अर्धं खरं, आणि कधी त्या एका शब्दाखाली भलताच आजार महिनोन्‌महिने झाकून राहतो. त्या झाकणाशी माझं रोजचं भांडण आहे.

नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात शालाक्यतंत्र, म्हणजे डोळे-कान-नाक-तोंडाच्या आजारांची शाखा, शिकताना सुश्रुतांचे ६५ मुखरोग पाठ केले होते. ओठांचे ८, हिरड्यांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, घशाचे १७ आणि सगळ्या तोंडभर पसरणारे ३. तेव्हा ती नुसती यादी वाटायची. आता वाटतं, तोंडातल्या प्रत्येक जागेचा आजार वेगळा ओळखा, सगळ्यांना एकच नाव देऊ नका, एवढं एक जरी त्या यादीनं शिकवलं असेल तरी पुष्कळ आहे.

सकाळी ७.३०

दवाखान्याच्या वाटेवर ओट्याओट्यावर बायका मशेरी लावत बसलेल्या असतात. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि तर्जनीनं हिरड्यांवर घासत राहायची. गप्पा संपेपर्यंत बोट तोंडातच. "दात घट्ट राहतेत, पोट साफ होतं." २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या तरी रूपात तंबाखू घेणारे निघाले, आणि त्यातले बहुतेक जण धूर न काढता खाणारे किंवा लावणारे. बाईला "तंबाखू खाता का?" विचारलं तर ती ठाम नाही म्हणते आणि ते तिच्या दृष्टीनं खरंच असतं. म्हणून मी विचारते, "मशेरी दिवसातून किती वेळा?" मग उत्तर येतं.

सकाळी ९.००

टेबलावर विजेरी, दोन लाकडी पट्ट्या, हातमोजे आणि गॉज. तोंड बघायची एक शिस्त आहे. ओठ उलटवून आतली बाजू, मग दोन्ही गाल, हिरड्या, जीभ. जीभ गॉजमध्ये धरून बाहेर ओढायची, दोन्ही कडा बघायच्या, खालची बाजू बघायची. मग टाळू, घसा. शेवटी बोट फिरवून जखमेची कड मऊ आहे की घट्ट ते बघायचं. कवळी असेल तर आधी ती काढायची. विचारायचे प्रश्न मोजके : कधीपासून? पहिल्यांदाच की परत परत? जागा तीच की बदलते? दुखतं का? आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत? यातला शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही. सांधेवातासाठी मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या माणसाचं तोंड येतं तेव्हा गुलकंदाचा काहीही उपयोग नसतो.

पहिली रुग्ण नीटचा अभ्यास करणारी मुलगी. खालच्या ओठाच्या आत मुगाएवढे दोन गोल व्रण, मधे पिवळट-पांढरं, भोवती लाल कडं. दर दोन महिन्यांनी येतात, जागा बदलतात, आठ-दहा दिवसांत जातात. हे साधे अ‍ॅफ्थस व्रण. जागरण, ताण, चावलं जाणं अशी निमित्तं. सुश्रुतांनी पित्ताच्या मुखपाकाचं सांगितलेलं लालसर, आग करणारं चित्र याला बरंच जुळतं. तिच्या आईनं सब्जा आणि ताक सुरू केलंय, त्याला माझी हरकत नाही. जेवणानंतर ज्येष्ठमधाचं तूप व्रणावर लावायचं, दिवसातून दोनदा कोवळी जाईची पानं चघळून थुंकायची. दुखणं फारच असेल तर रात्री ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टिरॉइडचा लेप. तो कसा लावायचा हे दुकानात सांगत नाहीत, म्हणून मी आरशासमोर करून दाखवते : कापसानं व्रण कोरडा करायचा, ठिपक्याएवढा लेप टेकवायचा, चोळायचा नाही, वर पाणी प्यायचं नाही. वारंवार येतात म्हणून हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं.

सकाळी १०.००

हळदीच्या कामावर जाणारी चाळिशीची बाई. तिचं "तोंड" वर्षभर येतंय. बी-कॉम्प्लेक्सच्या पट्ट्या खाऊन झाल्या, थंडाई झाली. मी जीभ बाहेर काढायला सांगितली आणि काही वेळ नुसती बघत राहिले. निरोगी जिभेवर बारीक काटे असतात, त्यामुळे ती मखमली दिसते. हिच्या जिभेवर काटेच नव्हते. लालभडक, गुळगुळीत, ओली चकाकी. ओठांचे दोन्ही कोपरे चिरलेले. खालची पापणी ओढली तर आत रंग नाही.

"चालताना धाप लागते का, माय?"

"लागती की. पायाला मुंग्याबी येतेत. वयाचं असंल म्हणलं."

ही तोंडाची तक्रार नाही, रक्ताची आहे. आयुर्वेदानं ज्याला पांडू म्हटलं त्याची खूण तोंडात उमटली आहे. पायाच्या मुंग्या बी-१२कडे बोट दाखवतात, आणि इथे एक धोका असतो. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्ताचा अहवाल सुधारतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. म्हणून आधी तपासणी, मग बी-१२ची इंजेक्शनं, लोह. लोहासव मी देते, पण हिमोग्लोबिन इतकं उतरलेलं दिसत असताना त्यावर भिस्त ठेवत नाही. जेवणाबरोबर चहा बंद, कारण चहा लोह शोषू देत नाही. जिभेची आग होते तिला गार दूध-तूप तोंडात धरायला सांगितलं. तेवढ्यानं आजची भाकर गिळता येईल. काटे परत यायला मात्र आठवडे लागतील, हेही तिला सांगितलं, नाहीतर चार दिवसांनी ती औषध सोडते.

सकाळी १०.४५

सत्तरीच्या आज्जी. वरची कवळी रात्रंदिवस घालतात, कारण "बिनदाताचं तोंड पोरांना कसं दाखवू?" कवळी काढली तर टाळू लाल, आणि लाली नेमकी कवळीच्या आकाराची, तिच्या कडेशी संपणारी. हे बुरशीचं काम आहे. इथे मघाचाच स्टिरॉइडचा लेप लावला असता तर बुरशीला रान मोकळं झालं असतं. क्लोट्रिमॅझोलचं औषध टाळूला आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायचं, रात्री कवळी काढून भांड्यात पाण्यात ठेवायची, सकाळी ब्रशनं घासायची. त्रिफळ्याचा काढाही दिला. तो तोंड स्वच्छ ठेवतो, पण बुरशी मारायचं काम त्याच्यावर सोपवत नाही. बोटाला टोचून साखर तपासली. ती २८० निघाली. आज्जींना मधुमेह आहे हे आजवर कुणालाच माहीत नव्हतं.

सकाळी ११.३०

झिरो फाट्याकडून जवळा बाजारपर्यंत हळदीची पोती वाहणारा टेम्पोचालक. वय पंचविशीच्या आतबाहेर. तक्रार अशी की तिखट तोंडात धरवत नाही, भाजीत मिरची नसली तरी आग होते. व्रण कुठेच नाही. मी त्याला त्याचीच तीन बोटं उभी धरून वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे घालायला सांगितली. दोन कशीबशी गेली.

"आधी जात होती का तीन?"

"कधी बगितलंच नाही, म्याडम."

गालाच्या आत बोट फिरवलं की कळतं. मऊ लवचीक अस्तराच्या जागी उभ्या ताठ दोऱ्या लागतात. रंग फिकट, संगमरवरासारखा. याला तोंडातला फायब्रोसिस म्हणतात आणि याचं मूळ सुपारी. तंबाखू नसलेली, "साधी", "गोड" सुपारीसुद्धा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवलं आहे. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. तिला वळसा घालायला या पोराच्या खिशात दोन वेगवेगळ्या पुड्या होत्या, एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. तोंडात टाकताना एकत्र करायच्या.

त्याला खरं सांगावं लागतं. या दोऱ्या कुठल्याही काढ्यानं विरघळत नाहीत, कुठल्याही गोळीनंही नाहीत. सुपारी आज थांबली तर आजार जिथे आहे तिथे थांबू शकतो, आग कमी होते, व्यायामानं तोंड थोडं जास्त उघडतं. दंतवैद्य गालात इंजेक्शनं देतात, त्यांचाही उपयोग होतो. माझ्या बाजूनं मी इरिमेदादी तेलाचा गंडूष देते. गंडूष म्हणजे तोंड भरून तेल घ्यायचं, इतकं की खळबळता येऊ नये, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत शांत धरायचं. मग थुंकायचं. थोडं घेऊन खळबळवलं तर तो कवल. ताठलेल्या गालाला तेल धरून ठेवल्यानं बरं वाटतं आणि त्यानंतर तोंड उघडण्याचा व्यायाम सोपा जातो. आइस्क्रीमच्या काड्या दातांत धरायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. त्याला काड्यांची जुडी दिली आणि वसमतच्या दंतवैद्यांच्या नावे चिठ्ठी. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवणं आता त्याला जन्मभर आहे, कारण या जमिनीत कर्करोग उगवतो. हे वाक्य ऐकून त्यानं पुड्या टेबलावर ठेवल्या. बाहेर जाऊन नवीन घेईल का, हे मला सांगता येणार नाही. म्हणून पुढच्या सोमवारी बोलावलंय.

दुपारी १२.३०

पन्नाशीचे शेतकरी. मुलगा जबरदस्तीनं घेऊन आलेला. खालच्या ओठाच्या आत डाव्या बाजूला, तंबाखूची चिमूट ठेवायच्या नेमक्या जागी, नखाएवढी जखम. दीड महिना झाला. आधी बी-कॉम्प्लेक्स, मग कुणीतरी दिलेली पूड, मग जांभळं औषध.

"दुखतच नाही, तर काय दाखवावं म्हणलं."

बोट लावलं. कड वर आलेली आणि घट्ट, तळ खडबडीत, थोडं रक्त आलं. जबड्याखाली एक गाठ हाताला लागली, हलवली तर फारशी हलेना. अशा वेळी माझ्याकडचं प्रत्येक औषध मी बाजूला ठेवते. काढा नाही, लेप नाही, पंधरा दिवस बघू नाही. इथे दिलेलं कुठलंही औषध म्हणजे रुग्णाचा वेळ खाणं. सुश्रुतांनीसुद्धा काही मुखरोग असाध्य म्हणून वेगळे काढून ठेवले, जिभेचा अलास, टाळूचं अर्बुद. आपली मर्यादा ओळखणं हा आमच्या शास्त्राचाच भाग आहे. आणि त्या काळी जे असाध्य होतं त्यातलं पुष्कळसं, लवकर सापडलं तर, आज शस्त्रक्रियेनं आणि किरणांनी बरं होतं.

बाप-लेकाला समोर बसवून मी तुकडा तपासायला हवा हे सांगितलं. मुलाच्या चेहऱ्यावर लगेच तो प्रश्न आला, जो या भागात प्रत्येक जण विचारतो : तुकडा काढला की पसरतो ना? नाही पसरत. ज्यांचा तुकडा काढला ते नंतर दगावले असं लोकांनी बघितलेलं असतं, पण ते आले तेव्हाच उशीर झालेला होता. तुकडा काढल्याशिवाय आजार कुठला हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय उपचार सुरू होत नाही. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची चिठ्ठी लिहिली, जखमेची जागा, आकार, गाठ, कालावधी सगळं नोंदवून. काकांनी कनवटीची तंबाखूची डबी काढून मुलाच्या हातात दिली. बोलले काहीच नाहीत.

दुपारी १.३०

एका रुग्णाला खुर्चीवरही बसू दिलं नाही. ओठांवर रक्ताळलेल्या खपल्या, डोळे लाल, ताप, छातीवर पुरळ, आणि दोन आठवड्यांपूर्वी फिटची नवीन गोळी सुरू झालेली. तोंड येणं ही इथे औषधाच्या गंभीर रिअ‍ॅक्शनची पहिली खूण असते, पुढे कातडी सुटते. गोळी बंद, तिचं पाकीट बरोबर, गाडी थेट परभणीच्या मोठ्या दवाखान्यात.

दुपारी २.१५

जेवायला बसणार तोच तान्हं बाळ घेऊन सासू-सून. बाळाच्या जिभेवर आणि गालात पांढरा थर, पुसला तरी निघत नाही. दूध पिताना रडतं. सासूबाईंच्या पिशवीत टाकणखाराची लाही आणि मध. "आमच्या चार लेकरांना हेच लावलं." मोठ्या माणसाच्या तोंडात टाकणखार मी स्वतः वापरते, त्या औषधाचा मान ठेवूनच सांगते : तान्ह्या बाळाला नाही. त्यातला बोरॉन बाळाच्या शरीरात साठतो, झटके येऊ शकतात. आणि एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही, मधातल्या एका जिवाणूचे बीजकण बाळाच्या आतड्यात विष तयार करतात. बुरशीचे थेंब दिले. आईच्या स्तनाग्रालाही औषध लावायला सांगितलं, नाहीतर दोघांमधे ती बुरशी फिरत राहते. सासूबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पुडी पदरात बांधली आणि विचारलं, "मग मोठ्याला चालंल ना?" चालेल.

दुपारी ४.००

औषध दुकानात बसून पाऊण तास. मी हे मुद्दाम करते. गावातला माणूस तोंडासाठी आधी दुकानात जातो, नंतर माझ्याकडे. दुकानदाराला विनंती एवढीच असते की पट्टी देताना "किती दिवस झाले?" विचारायचं. स्टिरॉइडचा लेप मागितला तर पांढरा थर आहे का विचारायचं. क्लोरहेक्झिडीनचं गुळण्यांचं औषध दोन आठवड्यांच्या पुढे द्यायचं नाही, दात तपकिरी पडतात आणि चव जाते. लहान मुलाला हात-पाय-तोंडाचे फोड असतील तर अँटिबायोटिक देऊ नका, तो विषाणू आहे, आठवड्यात जातो. लेकरू पाणी पितंय का तेवढं बघा.

तिथेच एक जण भेटला. फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं की तोंडानं फुंकून साफ करायचं, ही सवय मी इथे कितीदा पाहिली आहे. त्याच्या ओठांना आणि जिभेच्या टोकाला भाजल्यासारखं झालं होतं. तणनाशकाचं नाव विचारलं, डबा दाखवायला लावला. यातली काही तणनाशकं तोंड भाजतात आणि आत गेली तर फुप्फुस घेऊन जातात, त्यामुळे पोटात गेलं असल्याची शंका जरी असली तरी वाट बघायची नसते. त्यालाही वसमतच्या दवाखान्यात धाडलं.

संध्याकाळी ६.००

एका घरी जाऊन आले. स्तनाच्या कर्करोगासाठी केमो चालू असलेल्या ताई. तिसऱ्या डोसनंतर तोंडाचं आतलं अस्तर सोलून निघालंय, पाणीसुद्धा झोंबतं. हा औषधाचाच परिणाम असतो आणि तो पेशी भरून आल्या की ओसरतो. तोवर तोंड ओलं आणि स्वच्छ ठेवायचं. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा, दर दोन-तीन तासांनी हलक्या गुळण्या. मऊ ब्रश. पेज, मऊ भात, गार दूध. दुखणं थांबवणारं जेल जेवणाआधी. ज्येष्ठमधाचं तूप ओठांना.

त्यांच्या नवऱ्यानं विचारलं, "आपली हळद लावली तर?" प्रश्न रास्त होता. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा या घराला अभिमान आहे, अंगणात हळद वाळत पडली होती. आणि हळदीच्या, तिच्यातल्या कर्क्युमिनच्या गुळण्यांवर केमो-किरणांमुळे तोंड येणाऱ्या रुग्णांमध्ये अभ्यास झाले आहेत, काहींत त्रास कमी झाल्याचं दिसलंय. मी त्यांना सांगितलं : घरच्या हळदीची चिमूट कोमट पाण्यात घालून गुळणी करा, झोंबलं तर थांबवा. बाजारातली सुटी पूड नको, तीत रंग मिसळलेला असू शकतो. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र केमो देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, त्या केमोच्या औषधांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. ताप १०० च्या वर गेला तर रात्र असली तरी निघायचं. दोन्ही शास्त्रं एका घरात नांदू शकतात, फक्त एकानं दुसऱ्याला काय दिलंय ते कळायला हवं. म्हणून त्यांच्या फाइलमध्ये मी माझंही औषध लिहून ठेवलं.

रात्री ८.३०

दुपारच्या शेतकऱ्यांच्या मुलाचा फोन. उद्या निघतायत. कागद काय घ्यायचे, पैसे किती लागतील, राहायचं कुठं. आधारकार्ड, रेशनकार्ड, माझी चिठ्ठी आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत. रुग्णालयात गेल्यावर आधी आरोग्यमित्राची खिडकी गाठा. वडिलांना प्रवासात तंबाखू देऊ नका.

तुम्ही हे वाचत असाल तर आज एकदा घरातल्या मोठ्या माणसांना विजेरी घेऊन आ करायला सांगा. गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, कवळी काढून टाळू. कुठे लाल किंवा पांढरा चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवा. दुखत नसेल तर जास्त घाईनं दाखवा.